दुसरा भाग मिळेपर्यंत

अण्णांच्या बाबतीत फ्लेक्स आधी लागायचा आणि गोष्ट नंतर घडायची. भोसरीत आमच्या चौकात ‘नवीन रस्त्याबद्दल अण्णांचे जाहीर आभार’ असा फ्लेक्स झळकला, तेव्हा तिथे खडीसुद्धा येऊन पडली नव्हती. लोक हसले. मग अण्णा रोज जेवणाचा डबा घेऊन महापालिकेच्या कचेरीत जाऊन बसू लागले. साहेब जेवायला उठले की अण्णाही तिथल्या बाकावर डबा उघडायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला भाकरीचा तुकडा घ्यायचा आग्रह करायचे. शेवटी साहेबांनी रस्ता करून टाकला. “आधी बोलायचं,” अण्णा मला म्हणाले होते, “येकदा चारचौघांत बोललं की मागं फिराय येत न्हाई. मंग आपसूक व्हतं.”

आमचं वाचनालयही असंच झालं. अण्णांच्या घराण्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि उरलेल्या जागेवर त्यांनी शेड बांधून लेथवाल्यांना भाड्याने दिल्या. पैसा आला, पांढरे कपडे आले, मग मुलीसाठी पुण्यातलं शिकलेलं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी चहा पिता पिता सहज विचारलं, “घरात वाचनाची आवड आहे का कोणाला?” अण्णा म्हणाले, “आमची लायब्ररीच हाय.” पाहुणे म्हणाले, लग्नाला येऊ तेव्हा नक्की बघू. लग्नापर्यंत एका शेडमधले लेथ हलवून तिथे कपाटं आली होती, कपाटांत पुस्तकं आली होती आणि दारावर अण्णांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली होती. पाहुण्यांनी आत पाऊलही टाकलं नाही. पण पाटी लागली ती लागली.

मी बीडची. नवरा चाकणला फिटर, आणि माझ्याकडे ग्रंथपालाची पदविका होती, तिचा भोसरीत काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मुलाखतीत अण्णांनी एकच प्रश्न विचारला. “बाई, ही समदी पुस्तकं तुमी वाचल्यात का?”

“नाही, सगळी कशी वाचणार?”

“मंग ठीक. वाचनाऱ्या माणसाचं गिऱ्हाइकाकडं ध्यान नसतं.”

ते स्वतः पुस्तक वाचत नसत, तळहातावर घेऊन त्याचं वजन बघत. जाड असलं की “ह्ये भारी हाय” म्हणून वरच्या फळीवर ठेवायला सांगत. कविता त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात खाली आहेत. पण रोज चार वाजता ते येऊन बसायचे आणि वाचणाऱ्यांकडे बघत राहायचे. एखादा कामगार शिफ्ट सुटल्यावर पेपर वाचता वाचता झोपी गेला तर मला खुणेने सांगायचे, उठवू नका. त्यांचा थोरला मुलगा दत्ताभाऊ मात्र दर दिवाळीला विचारायचा, “अण्णा, ताईचं लग्न झालं, तिला पोरं झाली. आता लायब्ररी कशाला? हितं जिम काढू.” अण्णा कवळी काढून पाण्यात ठेवायचे. कवळी काढली की त्यांचं बोलणं कोणाला कळत नसे, म्हणून तो विषय तिथेच थांबायचा.

ही कवळी पुण्याच्या कँपातल्या एका म्हाताऱ्या चिनी डॉक्टरांनी बसवली होती. त्यांचे आजोबा चीनमधून आलेले, ते स्वतः अण्णांपेक्षा बरं मराठी बोलायचे. मुलीकडे परदेशी कायमचं जायचं ठरल्यावर त्यांनी दवाखाना आवरला आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा अण्णांच्या हाती दिला. आत हाताच्या पंजात मावतील अशी चिनी पुस्तकं होती, बहुतेक पानांवर चित्रं. “आजोबांची आहेत. मला चिनी वाचता येत नाही, मुलीला तर नाहीच. तुमची लायब्ररी आहे ना?” असं डॉक्टर म्हणाले. लायब्ररी आहे ना, असं विचारणारा माणूस अण्णांना फार वर्षांनी भेटला होता. त्यांनी डबा मांडीवर घेऊन भोसरीपर्यंत प्रवास केला.

पुस्तकं कसली आहेत हे कळायला मार्ग नव्हता. वाचनालयाचे सचिव तत्पर गृहस्थ. त्यांनी आधी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का ठळक मारून घेतला, मग आम्ही विचार करायला बसलो. अण्णांनी खिशातून फोन काढला. फोनवर त्यांची श्रद्धा होती. त्याला ते ‘ह्यो’ म्हणत आणि त्याच्याशी घरच्या जावयाशी बोलावं तसं अदबीने बोलत. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर एक म्हातारा आणि पाठीवर ओझं लादलेलं खेचर होतं. मी त्यावर कॅमेरा धरून भाषांतराचं ॲप लावलं. मोठी अक्षरं त्याला ओळखता आली नाहीत. खालच्या दोन लहान अक्षरांचं भाषांतर त्याने दिलं, ‘बाजाराला जा.’

अण्णा सावरून बसले. “परत इचारा त्याला.”

परत विचारलं. ‘बाजाराला जा.’

आतल्या पानांवर फोन घसरला. ‘वधू पाणी आहे, म्हणून डुक्कर सहमत,’ असं एक वाक्य आलं, ते अण्णांनी बराच वेळ मनात घोळवलं. आळंदीला कीर्तनं ऐकण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे कुठल्याही वाक्यातून अर्थ काढायची त्यांना सवय होती. “वधू म्हंजे माल,” ते म्हणाले, “पान्यासारखा व्हाता पाहिजे. मंग डुक्कर म्हंजे गिऱ्हाईक, ते कबूल व्हतं. धंद्याचं पुस्तक हाय, बाई.”

सचिवांनी त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलावलं. प्राध्यापकांनी पांढरे हातमोजे आणले होते, त्यामुळे सगळ्यांचं त्यांच्याविषयी चांगलं मत झालं. त्यांनी खेचर पाहिलं, ‘बाजाराला जा’ ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “रेशीम मार्ग.” मग पुस्तकाचं वय सांगितलं, दोन हजार वर्षं. मी भीत भीत म्हटलं, सर, हे यंत्रावर छापल्यासारखं दिसतंय. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “बाई, चीन तेव्हा फार पुढे होता.”

संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. ‘उद्योगनगरीचा अभिमान! दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राचीन चिनी व्यापारग्रंथ आपल्या भोसरीत.’ खाली आमदारांच्या हस्ते लोकार्पणाची तारीख. एका बाजूला अण्णांचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला ते खेचर. मूळ चित्रात खेचराचं तोंड दुसरीकडे होतं आणि मागचं अंग नेमकं अण्णांकडे येत होतं. फ्लेक्सवाल्याने चित्र आरशासारखं फिरवून घेतलं, आणि आता खेचर अण्णांकडे आदराने बघत होतं.

प्राध्यापकांनी या फ्लेक्सचाच फोटो काढून इंटरनेटवर शोधून पाहिला. तसं चित्र कुठेच सापडलं नाही, आणि सापडणार कसं, तशा तोंडाचं खेचर कोणी काढलंच नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की जगात ही एकमेव प्रत आहे. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर ‘जगातील एकमेव’ अशी लाल पट्टी चिकटली.

मला चैन पडेना. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत चिनी मशीन आल्यावर तिथल्या इंजिनियरांशी बोलायला वैभव नावाचा दुभाषी ठेवला होता, नांदेडचा, तिशीतला. रविवारी त्याला बोलावलं. त्याने पुस्तक हातात घेतलं आणि आधी उलटं फिरवलं.

“मॅडम, तुम्ही हे शेवटाकडून धरलंय बघा. जुनी पुस्तकं या बाजूने उघडतात. आणि ओळी वरून खाली, उजवीकडून डावीकडं. ॲपनं आडवं वाचलं असेल, म्हणून डुक्कर आलं.”

“मग वाचून दाखव ना.”

“ते अवघड आहे. ही जुनी अक्षरं आहेत, आम्हाला सोपी केलेली शिकवतात. मला तेल, दाब, धोका एवढं लगेच दिसतं. पण यात मशीन नाही कुठं.” मग त्याने मुखपृष्ठावरची ती दोन अक्षरं पाहिली आणि हसू दाबलं. “बाजाराला जा असाही अर्थ होतो, चूक नाही ॲपची. पण पुस्तकावर असलं की त्याचा अर्थ पहिला भाग.”

पुस्तक कधी छापलं ते शेवटच्या पानावर असतं, असं त्याने सांगितलं. ते पान आम्ही पहिलं समजलो होतो. तिथे छापखान्याच्या नावावर आणि सालावर सचिवांचा शिक्का होता, शाई भरपूर वापरलेली.

तेव्हा चित्रांवरून शोधायचं ठरवलं. खिडकीशी उजेडात पुस्तक धरून मी प्रत्येक पानाचा सरळ फोटो घेतला. साध्या शोधात हॉटेलांची मेनूकार्डं आणि पडद्यांचं कापड आलं. वैभवने मग परदेशातल्या काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांची संकेतस्थळं दाखवली. त्यांनी आपली जुनी चिनी पुस्तकं पानन् पान स्कॅन करून सगळ्यांना खुली ठेवली आहेत, आणि एका ठिकाणी आपलं चित्र टाकलं की त्यासारखी चित्रं शोधून देणारी सोयही होती. मी एकेक पान टाकत गेले. कुठे नुसता म्हातारा यायचा, कुठे नुसतं खेचर. म्हातारा तुटलेल्या पुलाशी डोक्याला हात लावून बसलाय ते पान टाकलं, आणि समोर तेच पान आलं. तीच झाडाची वाकडी फांदी, तीच म्हाताऱ्याच्या जोड्यातून बाहेर आलेली बोटं. खाली नोंद होती: मुलांसाठी चित्रकथा, स्वस्त आवृत्ती, सुमारे शंभर वर्षांपूर्वीची, भाग पहिला. पुढचा भाग उपलब्ध नाही.

मी तिथे लिहून विचारलं. नोंदी करणाऱ्या एका बाईंचं दोन दिवसांत सविस्तर उत्तर आलं. अशी पुस्तकं रस्त्याकडेला भाड्याने वाचायला मिळत, मुलं ती वाचून फाडून टाकत, म्हणून फार उरली नाहीत. ही गोष्ट हरवलेलं खेचर शोधत हिंडणाऱ्या म्हाताऱ्याची. तिचा पहिला भाग आणखीही एक-दोन ठिकाणी आहे, पुढचा त्यांनी कुठेच पाहिलेला नाही. डब्यातली बाकीची पुस्तकंही त्यांनी फोटोंवरून ओळखून दिली. एक पंचांग होतं, एक अक्षरं गिरवायचं, आणि एक चांगल्या वागणुकीचं.

हे हाती आलं ते लोकार्पणाच्या दिवशी सकाळी. अण्णा मांडववाल्यावर देखरेख करत उभे होते. मी त्यांना आत बोलावून संगणकावर दोन्ही पानं शेजारी शेजारी दाखवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पडद्यावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांवरून बोट फिरवलं. “म्हंजे पोरांचं पुस्तक.”

“हो अण्णा.”

“जगात येकच न्हाई.”

“नाही.”

“आन दोन हजार वर्सं?”

“शंभरेक.”

“माझा आजा तवा असंल,” ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. बाहेर स्पीकरवाला ‘हॅलो, चेक’ करत होता. “आजवर आमी जे बोललो ते करून दावलं, बाई. आता ह्ये पुस्तक आमी जुनं कसं करनार?”

प्राध्यापक म्हणाले, कोणाला सांगायची गरज नाही, इथे चिनी येतं कोणाला? सचिव म्हणाले, आमदार निघालेत. दत्ताभाऊ म्हणाला, “बघा, म्हनून मी म्हनत हुतो जिम.” अण्णांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता गप्पच बसणार.

कार्यक्रम झाला. प्राध्यापक रेशीम मार्गावर बोलले, आमदारांनी मखमली कापड बाजूला केलं, टाळ्या पडल्या. शेवटी आभाराला अण्णा उठले. कवळी परत घातली होती.

“फलेकवर लिवलंय ते खरं न्हाई,” त्यांनी सुरुवात केली. मंडपात पाणी वाटणारेही थांबले. “आमाला फोननं सांगितलं, सरांनी सांगितलं, आमी लावून टाकलं. आता बाईंनी शोध लावलाय. ह्ये पोरांच्या गोष्टीचं पुस्तक हाय. येका म्हाताऱ्याचं खेचर हारवलंय आन तो हिंडतुया. ह्यो पैला भाग. पुढला जगात कुनाकडं न्हाई, परदेशातल्या मोठ्या लायब्रीतसुदिक न्हाई.” एवढं बोलून ते थांबले. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सआधी तो असाच उजळत असणार. “तो आमी शोधनार. आन दुसरा भाग घावंस्तवर ही लायब्री हितनं हालनार न्हाई. आमदारसायबांच्या साक्षीनं सांगतो.”

आमदारांनी सवयीने मान डोलावली. त्याचा फोटो पेपरात आला. दत्ताभाऊला निवडणुकीला उभं राहायचं होतं, त्यामुळे तो काही बोलू शकला नाही.

त्यानंतर अण्णांना गोष्ट ऐकायचा नाद लागला. वैभव दर रविवारी येऊन एका चित्राच्या मजकुराचा अर्थ लावायचा. मी पानांचे फोटो अक्षरं ओळखणाऱ्या एका चांगल्या प्रणालीत टाकून जुन्या अक्षरांची आजची सोपी अक्षरं करून ठेवायचे, मग वैभव ती वाचायचा आणि अडलं की आम्ही परदेशातल्या बाईंना विचारायचो. हळूहळू आसपासच्या खोल्यांतली मुलं येऊ लागली, मग चाकणच्या कंपन्यांतले काही कामगार. त्यांना चिनी शिकायचं होतं, पगार वाढतो म्हणून. अण्णा सगळ्यांत पुढे बसायचे. चिनी आकडे त्यांना फार आवडले. “येक म्हंजे येक रेघ, दोन म्हंजे दोन, तीन म्हंजे तीन. ह्याला म्हनत्यात सरळ कारभार.” चारचा आकडा वेगळाच निघाला तेव्हा ते नाराज झाले आणि तिथेच त्यांनी चिनी सोडली.

पण खेचर सोडलं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या चित्रात म्हातारा एका गावाच्या वेशीशी उभा आहे आणि रस्त्याला दोन फाटे फुटलेत. तिथे भाग संपतो. “मंग कुठल्या वाटंनं ग्येला?” अण्णा विचारायचे. माहीत नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात परत विचारायचे. आयुष्यात त्यांनी पूर्ण केलेलं ते एकच पुस्तक, आणि ते नेमकं अपुरं होतं.

पुढे ते आजारी पडले. दवाखान्यात भेटायला गेलेल्या प्रत्येकाला ते खेचराची गोष्ट सांगत. नर्सलाही सांगितली. मी गेले तेव्हा आवाज खोल गेला होता. म्हणाले, “बाई, घावलं आसंल त्ये. पोरांना सांगून टाका, घावलं म्हनून.”

“अजून पुढचा भाग मिळाला नाही, अण्णा.”

“तुमी आधी सांगा तर,” ते म्हणाले.

ते गेल्यावर दत्ताभाऊ निवडून आला. शेडवर मजला चढवून जिम त्याने तिथे काढली. वजनं खाली ठेवली जातात तेव्हा आमची कवितांची फळी हादरते. खालची जागाही घ्यायची, असं मधूनमधून कानावर यायचं, पण आमदारांची मान हललेला फोटो लोकांच्या लक्षात होता.

मागच्या महिन्यात परदेशातल्या बाईंची मेल आली. एका मोडकळीला आलेल्या संग्रहात, दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, आमच्या म्हाताऱ्याचं चित्र असलेलं पुस्तक त्यांना दिसलं. आमच्या पानांशी जुळवून त्यांनी खात्री करून घेतली होती आणि सगळी पानं पाठवली होती. वैभव आणि मी तीन संध्याकाळी बसून त्यांचा अर्थ लावला. मग मी विचार करत राहिले. दुसरा भाग मिळेपर्यंत, असं अण्णा सगळ्यांसमोर बोलले होते. मिळाला हे मी दडवू शकत होते, अख्ख्या भोसरीत विचारणारं कोणी नव्हतं. पण अण्णांनीच भरल्या मांडवात उभं राहून सांगितलं होतं की फ्लेक्सवरचं खरं नाही. मी वर जिममध्ये गेले.

दत्ताभाऊ आरशासमोरच्या सोफ्यावर फोनवर बोलत होता. मी म्हटलं, “भाऊ, अण्णांच्या पुस्तकाचा पुढचा भाग सापडला.”

त्याने फोन कानापासून दूर धरला. मला वाटलं, आता जागेचं बोलणार. तो म्हणाला, “खेचर घावलं का?”

मी त्याला शेजारी बसून एकेक पान दाखवलं. तो चित्रावर बोट ठेवून ‘ह्यो कोन, ह्ये काय’ विचारत राहिला. फोन दोनदा वाजला, त्याने घेतला नाही. शेवटच्या चित्रात म्हातारा एका बांधावर उभा आहे. समोर परक्याच्या शेतात खेचर औताला जुंपलंय, अंगाने भरलंय, आणि त्याने मान वर करून बांधाकडे बघितलंय.

“मंग?”

“एवढंच आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय, हा मधला भाग. एकूण तीन असावेत. तिसरा अजून कोणाकडे नाही.”

दत्ताभाऊ त्या चित्रावर वाकला. वडिलांसारखं नाक आहे त्याचं, ते माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

“अण्णा तर म्हनत हुते, घावलं म्हनून.”

“हो.”

“मंग पोरांना तसंच सांगत जावा, बाई.”

मी बरं म्हणून खाली आले. पण तसं सांगत नाही. मी मुलांना शेतातलं ते चित्र दाखवते आणि खेचर दिसलंय एवढं सांगते. पुढचं शोधायचं चाललंय.